मेल वीथीच्या कोपऱ्यावरचा चेहरा

आमच्या गल्लीतल्या मराठी घरांत देवनागरी वाचता येणारी मी एकटीच उरले आहे. त्याचा फायदा असा, की इथे मी कोणाबद्दल काहीही लिहिलं तरी भांडायला कोणी येणार नाही. तरीही खरं तेच लिहिते, कारण खोटं लिहायला डोकं जास्त लागतं आणि माझं डोकं आधीच तापलेलं असतं.

तंजावूरला बायपासवर एक नवं हॉटेल झालं. त्याचा मॅनेजर विघ्नेश, गुळगुळीत दाढीचा आणि त्याहून गुळगुळीत बोलण्याचा, एक दिवस माझ्या स्टुडिओत आला. त्याला गावात महिनाभर लावायला दहा मोठे फ्लेक्स हवे होते. नाव ठरलेलं होतं: ‘एका फोटोग्राफरचं आवडतं तंजावूर’. आवडती दुकानं, कॉफीच्या जागा, ऐटीत राहणारी माणसं. मी पोटासाठी लग्नं काढते, बारशी काढते, कान टोचताना रडणारी पोरं काढते. असलं काम आपल्या पायांनी चालत दारात आलं म्हणून मी हरखलेच.

मग तो म्हणाला, “मॅडम, गोपुर तर हवंच. शिवाय ती मान हलवणारी बाहुली. आणि वीणा तासणारे एखादे आजोबा, खिडकीतून तिरपं ऊन येतंय असे.”

“आवडतं कोणाचं म्हणालात? माझं का तुमचं?”

“तुमचंच, मॅडम. पण बाहेरच्या लोकांना ओळखीचं वाटलं पाहिजे ना.”

बाहेरच्या लोकांना ओळखीचं वाटावं म्हणून आम्ही दोनशे वर्षं त्याच दहा वस्तू दाखवत बसलो आहोत. मी त्याला सांगितलं की तंजावूरची बाहुली मान डोलावते, तंजावूरची नंदिता डोलावत नाही. घ्यायचं तर माझं घ्या, नाहीतर कॅमेरावाले पुष्कळ पडलेत. तो हसला आणि हो म्हणाला. त्याने ते फारसं मनावर घेतलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

माझं आवडतं म्हणजे काय? दक्षिण वीथीतलं चष्म्याचं दुकान, जिथे दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. एक फ्रेम विकतो, दुसरा काच घासतो, आणि निरोप गिऱ्हाइकाने न्यायचा. त्यांच्या भांडणापायी माझा चष्मा दोनदा चुकला, तरी मी दुसरीकडे जात नाही. जुन्या बसस्टँडवरची फुलवाली नागलक्ष्मी, जिचा ब्लाउज त्या त्या दिवशीच्या फुलांच्या रंगाचा असतो. कनकांबराचे, म्हणजे अबोलीचे, दिवस आले की ती लांबूनच केशरी दिसते. सांबशिव टेलर, जो गावभरचे शर्ट शिवून उरलेल्या तुकड्यांचे स्वतःचे शर्ट शिवतो, एक बाही चौकड्याची, एक पट्ट्यांची, आणि असा चालतो की लग्नातला नवरदेव फिका पडावा. हे माझं तंजावूर. याला तिरप्या उन्हाची गरज नाही.

आणि या सगळ्यांच्या वर शेषम्मामामी.

मेल वीथीत, म्हणजे पश्चिमेच्या मोठ्या रस्त्यावर, त्यांच्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा कापी क्लब, म्हणजे कॉफी-नाश्त्याचं छोटं हॉटेल, आहे. पाटी नाही. दोन बाकं, एक पितळी फिल्टर, दगडी कट्टा. सकाळी इडली-दोसै, दर गुरुवारी पिठलं. महाराष्ट्रातल्या माणसाला ते पिठलं ओळखूसुद्धा येणार नाही. त्यात डाळ, चिंच, खोबरं आणि कारलं असतं. एका पुण्याच्या पाहुण्याने एकदा तोंड वाकडं करून ‘हे पिठलं नव्हे’ म्हटलं, तर मामींनी त्याचं पान उचललं आणि शेजारच्याला वाढलं.

मामींचं वय सत्तरीच्या पलीकडे. नेसणं जुन्या वळणाचं, काष्ट्याचं नऊवारी लुगडं, सुती, गडद रंगाचं. पण वर ब्लाउज नाही. वर पुरुषी हाफ शर्ट, कडक कॉलरचा, दोन खिशांचा, सांबशिवने खास शिवलेला. मनगटावर मोठ्या तबकडीचं घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला. नाकावर जाड काळ्या काड्यांचा चष्मा. आणि गेल्या आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढात, ओल्या फरशीवर घसरल्यापासून पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. ही बाई रस्त्यातून चालली की मी स्कूटर थांबवते. फॅशन फॅशन म्हणतात ती मासिकांत बघायची गोष्ट असेल; आमच्याकडे ती सकाळी कापी गाळते.

शर्टावरून आमच्या मराठी मंडळींत फार कुजबुज झाली होती. कोणीतरी धीर करून विचारलं, “शेषम्मा, हा काय सट्टै घालून उभी राहतेस? लोक काय म्हणतील?”

“कापी बरी जाली म्हणतील,” मामी म्हणाल्या. “चुलीपुढें बाही सुटी पाह्यजे. तुज घाम येत नाहीं, कां की तू काम करत नाहींस.”

पण गेल्या आडीत त्या घसरल्या आणि सगळं बदललं. हाड मोडलं नाही, नुसता मुका मार. तरी त्यांचा मुलगा भरद्वाज चेन्नईहून आला तो निकाल घेऊनच. क्लब बंद करायचा, पोंगल झाला की अम्माने चेन्नईला यायचं, अकराव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, कामाला बाई आहे, खाली पार्क आहे. भरद्वाजअण्णा वाईट माणूस नाही. दर रविवारी फोन करतो, औषधं पाठवतो. पण त्याच्या बोलण्यात अम्मा म्हणजे एखादं नाजूक पार्सल असतं, जे कुठेतरी नीट ठेवून द्यायचं आहे. मामी त्याला ‘बघूं’ म्हणाल्या होत्या. नाही म्हणाल्या नव्हत्या. हे मला खुपलं होतं. विघ्नेशचं काम आलं तेव्हा मी पहिला फोटो त्यांचा काढायचा ठरवला तो रागानेच. पोंगलनंतर ही बाई या रस्त्यावर नसेल तर निदान तिचा चेहरा तरी सगळ्यांच्या नाकासमोर असू दे.

मी कोणाला उभं करून फोटो काढत नाही. माणूस आपल्या कामात असतं, मी वाट बघते. बाकी नऊ जण पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत दुकानासकट मिळाले. मामी मिळेनात. त्या एका जागी थांबतच नाहीत. अखेर कळलं, की सकाळचा पहिला डिकॉक्शन, म्हणजे कापीचा अर्क, उतरला की त्या फिल्टरचं झाकण उचलतात आणि क्षणभर वास घेतात. तेवढ्याच थांबतात. तोच क्षण मी धरला. मागे चुन्याची पांढरी भिंत, समोर चेहरा, कॉलर, चष्मा. हसणं नाही. डोळे सरळ तुमच्यात. माझ्या हातून इतका चांगला फोटो पूर्वी निघाला नव्हता.

खाली मोठ्या अक्षरांत फक्त ‘शेषम्मा’. माझं नाव बारीक, हॉटेलचं त्याहून बारीक. विघ्नेश कुरकुरला. मी म्हटलं, हिच्या चेहऱ्यावर जाहिरात येणार नाही.

इथे आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे फ्लेक्सवर चढायला चार वाटा आहेत: निवडणूक, लग्न, कान टोचणं आणि मरण. सत्तरीच्या बाईला पहिल्या तीन बंद. प्रत्येक वीथीचा एक ठरलेला कोपराही असतो. त्या वीथीतलं माणूस गेलं की त्याचा मोठा फोटो तिथे बांबूवर चढतो, तेरावं होईपर्यंत राहतो. मेल वीथीचा तो कोपरा ट्रान्सफॉर्मरपाशी, क्लबच्या दारातून दिसेल असा आहे. रमण, म्हणजे माझा फ्लेक्स छापणारा, याला मी दहा जागा सांगितल्या होत्या. मामींचा फ्लेक्स क्लबच्या समोरच्या भिंतीवर. पण त्याच्या माणसांनी म्हातारीचा एवढा मोठा न हसणारा चेहरा बघितला आणि हात सवयीने चालले. पहाटे त्यांनी तो ट्रान्सफॉर्मरपाशी बांधला, आणि आपण होऊन दोन्ही बाजूंना काळ्या फिती लावल्या. फुकट. आपलेपणाने.

मी त्या सकाळी पापनाशमला एका लग्नात होते. मुहूर्ताची घाई, होमाचा धूर, मी नवरीच्या हातावर फोकस करत होते, तेवढ्यात तिची आत्ते मोबाईल बघून ओरडली, “ऐयो! मेल वीथीची शेषम्मा गेली!”

मी कॅमेरा खाली घेतला. आत्तेने मोबाईल पुढे केला. बाळकृष्णराव मामांनी, म्हणजे आमच्या मराठी कुटुंबांच्या ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ पाठवापाठवी करणाऱ्या निवृत्त हेडमास्तरांनी, फोटो टाकला होता. खाली जोडलेले हात, पणत्या, आणि ‘फार मायाळू होती’ असा तमिळ लिपीतला मजकूर. मामी मायाळू! तिथेच मला शंका यायला हवी होती. मग फोटो नीट बघितला. वाकडा काढलेला होता, पण माझाच होता.

मी मामींना फोन लावला. उचलला नाही. टिफिनच्या, म्हणजे सकाळच्या नाश्त्याच्या, वेळी त्या कधीच फोन उचलत नाहीत. मोबाईल तांदळाच्या डब्यावर वाजत राहतो. मंगळसूत्र बांधलं, अक्षता पडल्या, आणि जेवणाचे फोटो कोणी पुन्हा बघत नाही असं नवरीच्या मामाला पटवून मी बस धरली.

मेल वीथीत शिरले तर कोपऱ्यावरच्या फ्लेक्सला दोन हार चढले होते. क्लबच्या दारात पंधरावीस माणसं गोळा झालेली. कोणाच्या हातात गुलाबाचा हार, कोणाच्या शेवंतीचा. कोणी आत जाईना, कोणी परत जाईना. आत मामी निळ्या शर्टात उभ्या, हात वर नेऊन कापी डवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ओतत होत्या. सगळ्यात पुढे बाळकृष्णराव मामा, हार दोन्ही हातांत धरून, तोंडात मारल्यासारखे उभे.

“कसें हें, शेषम्मा?” ते म्हणाले. “मी माझ्या डोळ्यांनीं पाह्यलं.”

“मीही पाह्यलं, दूध तापवतां तापवतां,” मामी म्हणाल्या. “फोटो बरा आहे. तुम्ही हार कां हातांत धरून उभे?”

हा प्रश्न खरोखर अवघड होता. मेलेल्यासाठी घेतलेला हार देवाला चालत नाही. घरी नेता येत नाही. रस्त्यात टाकला तर ज्याच्या नावाने घेतला त्याचा अपमान, आणि ते माणूस तर समोर उभं. बाळकृष्णराव मामा आयुष्यभर पोरांना रीतभात शिकवत आले, पण या हाराचं काय करायचं ते त्यांच्या कोणत्याही धड्यात नव्हतं.

मामी पुढे आल्या, त्यांच्या हातातून हार घेतला आणि सरळ स्वतःच्या गळ्यात घातला. शर्टाच्या कॉलरवरून.

बायकांनी तोंडावर हात मारले. कोणीतरी ‘शिव शिव’ म्हटलं. मी कॅमेरा उचलला, आणि हेही लपवत नाही, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं का आनंदाचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

“ऐका,” मामी मोठ्याने म्हणाल्या. “मेलेल्याच्या घरीं चूल पेटत नाहीं. मेलेल्याच्या घरीं कोणी पाणीसुद्धां पीत नाहीं. हें मेलेल्याचं घर आहे असं वाटत असलं तर आत्तां जा, जातांना ‘येतों’ म्हणूं नका, घरीं जाऊन न्हा. नसलं तर बसा. कापी घालतें.”

माणसं एकमेकांकडे बघू लागली. पहिला सांबशिव टेलर बसला, एक बाही लाल, एक पिवळी. मग चष्म्याच्या दुकानातला काचवाला भाऊ. त्याच्यामागून फ्रेमवाला, दुसऱ्या बाकावर, पाठ करून. हळूहळू सगळे बसले. बाळकृष्णराव मामा शेवटी. त्यांनी कापीचा टंबळर तोंडाला लावला तेव्हा घोट गिळायच्या आधी एकदा मामींकडे बघितलं, खात्री करून घेतल्यासारखं.

“मेल्याची बातमी आली कीं आयुष्य वाढतं म्हणतात,” ते पुटपुटले.

“वाढलंच आहे. आत्तां तें कोठें घालवायचं तेवढं बघतें,” मामी म्हणाल्या.

दुपार कलता कलता एक टॅक्सी आली आणि भरद्वाजअण्णा उतरला. ग्रुपवरचा फोटो त्याने ऑफिसात बघितला होता. अम्माचा फोन लागेना, माझा लागेना, बाळकृष्णराव मामा तर सांगत होते की डोळ्यांनी पाह्यलं. तो तसाच निघाला. डोळे सुजलेले, इस्त्रीचा शर्ट बाहेर लोंबणारा. वाटेत विल्लुपुरमच्या पुढे कुठेतरी मामांचा पुन्हा फोन गेला की अम्मा जिवंत आहे, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. दारात आला, आईला बघितलं आणि खाली बसून लहान पोरासारखा रडला. मामींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी कॅमेरा खाली ठेवला. सगळंच काढायचं नसतं.

रडून झाल्यावर त्याला आईच्या गळ्यातला हार दिसला.

“हें काय घातलंस? काढ तें!” तो ओरडला, आणि मग माझ्यावर वळला. “तुझी कला म्हणायची ही? माझ्या आईला कोपऱ्यावर टांगलीस! आत्ताच्या आत्ता उतरव तो फ्लेक्स.”

मला बरंच काही बोलता आलं असतं. कोपऱ्याची चूक माझी नाही, रमणच्या माणसांची, हेही सांगता आलं असतं. पण त्याचे डोळे बघून माझी उचललेली जीभ तशीच राहिली.

“नंदिताला कां बोलतोस?” मामी म्हणाल्या. “फ्लेक्स राहील. तिनं घातला आहे महिन्यासाठीं. जागाही बदलायची नाहीं. आत्तां बदलली तर परत सगळ्यांस वाटेल कीं तेरावं जालं.”

“अम्मा, पुरे जालं हें. हें शुभ नाहीं. पोंगलपर्यंत थांबायचं नाहीं. तू परवां माझ्याबरोबर येतेस.”

मामी भांडी आवरायला आत गेल्या. असं ‘नाही’ न म्हणता निघून जाणं मला मुळीच आवडलं नाही.

संध्याकाळी विघ्नेशचाही फोन आला. त्याचा गुळगुळीतपणा कुठल्या कुठे गेला होता. हॉटेलचं नाव मरणाशी जोडलं गेलं, मालक चिडलेत, तो एक फ्लेक्स काढा, त्या जागी बाहुली लावू. मी म्हटलं, काढायचे तर दहाच्या दहा काढा, आणि गावाला सांगा की जिवंत म्हातारीचा चेहरा तुम्हाला अशुभ वाटला. माझी माणसं सुटी सुटी मिळत नाहीत. तो म्हणाला, पुढचं काम तुम्हाला मिळणार नाही. मी म्हटलं, लग्नं पुष्कळ आहेत, माणसं काही लग्न करायची थांबत नाहीत. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी सकाळच्या कापीला गेले. तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, नेहमीचे सगळे बसले होते आणि कोणाच्याच हातात टंबळर नव्हता. डिकॉक्शनचा वास रस्त्यापर्यंत आला होता. भरद्वाजअण्णा खांबाला टेकून दात घासत होता. मामी दारात उभ्या, हात कमरेवर, पांढऱ्या शर्टात.

“दूध नाहीं,” त्या म्हणाल्या. “रामस्वामी आला नाहीं. इतक्या वर्षांत पाऊस म्हणून नाहीं, ताप म्हणून नाहीं, कधीं चुकला नाहीं.”

सांबशिवने स्कूटर काढली आणि दूधवाल्याला शोधून घेऊन आला. रामस्वामी मोपेडवरून उतरला तो मामींना बघून दचकला आणि गालांत चापट्या मारून घेतल्या. दुधाचा कॅन मोपेडला तसाच लटकत होता. तो तमिळमध्ये बोलला, मामीही. मी आपल्या भाषेत लिहिते.

“अम्मा, मी काल रोपाच्या शेतात होतो, मला गावातलं काही कळलं नाही. तुमच्या मुलाने फोन केला. म्हणाला, उद्यापासून दूध नको, कायमचं बंद. कारण विचारायची मला हिंमत झाली नाही.”

सगळे भरद्वाजअण्णाकडे बघू लागले. त्याने तोंडातला फेस थुंकला आणि तोंड पुसलं.

“गाडींतून केला होता,” तो म्हणाला. “तेव्हां मला वाटत होतं कीं तू… काय काय करायचं असतं तें आठवत होतों. दूध आठवलं.”

“बरं केलंस,” मामी शांतपणे म्हणाल्या. “मेल्यावर दूध बंद करायलाच पाह्यजे. पण मग दुपारीं मज पाह्यलंस. जेवलास. रात्रीं निजलास. परत चालू कर म्हणून कां नाहीं सांगट्लास?”

“विसरलों.”

मामी नुसत्या बघत राहिल्या. माझ्या फोटोतले डोळे तेच.

“नाहीं विसरलों,” भरद्वाजअण्णा म्हणाला. “वाटलं, बंद जालं तें बंदच राहूं दे. दूध नाहीं तर क्लब नाहीं. तू भांडणार नाहींस, आपोआप होईल. अम्मा, तुला ठाऊक नाहीं. त्या गाडींत मी सगळी वाट अम्मा नसलेला बसलों होतों. दुसऱ्यांदा माझ्याच्यानं होणार नाहीं. तू घसरशील, मी तिकडे असेन, परत कोणी तरी फोटो पाठवील. माझ्या डोळ्यांपुढें राहा. एवढंच मागतों.”

मला त्याचा राग यायला हवा होता. येत नव्हता. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते घातक होतं. मला खात्री वाटली की मामी आता नमतील. कोणतीही आई नमली असती.

मामी पायरी उतरून त्याच्याजवळ गेल्या. कॉलर नीट केली, स्वतःची नव्हे, त्याची.

“तू एक दिवस अम्मा नसतां बसलास,” त्या म्हणाल्या. “तुज कितीं दुखलं तें मज कळतं. पण तुझ्या अकराव्या मजल्यावर मज रोज बसायचं आहे, आणि तेथें मी नसेन. लुगडं असेल, चष्मा असेल, गोळ्या असतील. मी नसेन. तूं रोज मज पाहशील आणि तुज वाटेल अम्मा आहे. तसलं जिवंत राहणं मज नक्को, राजा. घसरलें तर घसरलें. माझ्या फरशीवर घसरेन.”

“मग मी काय करूं?”

“काळजी कर. मुलगा आहेस, करायलाच पाह्यजे. पण माझं दूध बंद करूं नको.”

इतके दिवस त्या ‘बघूं’ म्हणत होत्या. ते ‘नाही’ ऐकायला मी कान टवकारून होते, आणि आलं तेव्हा किती हळू आवाजात आलं! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सांबशिव तर खरोखरच वाजवणार होता, मी त्याचा हात धरला.

रामस्वामी बिचारा मध्येच उभा होता. मराठीतलं त्याला काही कळलं नव्हतं, पण काहीतरी ठरलं आहे एवढं कळलं. त्याने कॅन सोडवला आणि इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकाला सोडून तो भरद्वाजअण्णाकडे वळला. घरातला पुरुष समोर असला की आमच्याकडे माणसं आपोआप त्याच्याकडे वळतात.

“सार, म्हणजे रोजचं घालू ना? किती दिवस घालायचं तेवढं सांगा.”

भरद्वाजअण्णाने तोंड उघडलं, पण मामींनी कॅनचा कान धरला होता.

“त्याला काय विचारतोस? माझ्याकडे बघ,” त्या म्हणाल्या. “रोज घालायचं. फ्लेक्स लागला तरी, हार चढले तरी, मुलाने फोन केला तरी. मी मेले की मी स्वतः येऊन तुला सांगेन. तोवर दुसऱ्या कोणाचं ऐकायचं नाही.”